बाटल्यापुढचा नारळ

"मग उस्ताद, तुम्ही मला शिकवलंत तरी काय?"

शेवंतानं विचारलं आणि वेल्डिंगचा मास्क कपाळावर ढकलला. उद्यापासून तिचं स्वतःचं वर्कशॉप. त्या गल्लीत रीत अशी, की शागीर्द निघताना उस्तादापुढे नारळ ठेवतो. शेवंतानं आणला नव्हता. मुद्दामच.

हात तिचा, डोळा तिचा, चटके तिचे. रहमतउस्ताद नुसते शेजारी स्टूल टाकून बसायचे. बरं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत.

"त्या बाटल्यातल्या आर्गन गॅससारखे तुम्ही," ती म्हणाली. "कशात मिसळत नाही, कशाला चिकटत नाही. निष्क्रिय."

"त्याचं पोट भरलेलं असतं," उस्ताद हसले. "कुणाचं काही घ्यायचं नाही त्याला."

"आणि द्यायचंही नाही. तेच म्हणते मी."

उस्ताद उठले. आर्गनच्या बाटल्याचा व्हॉल्व बंद केला. स्टीलचे दोन तुकडे तिच्यापुढे सरकवले.

"जोड."

"गॅसशिवाय?"

"निष्क्रियच ना तो? करतो काय...?"

तिनं मास्क ओढला. स्टील फसफसलं, काळं पडलं. सांधा करपलेल्या भाकरीसारखा, भोकंच भोकं. शेजारच्या दुधाच्या टाकीवर तिचाच सकाळचा सांधा चांदीसारखा चमकत होता.

"त्या चांगल्या सांध्यात आर्गन किती राहिला?"

"कणभरही नाही. त्यानं फक्त... हवा लागू दिली नाही."

बोलता बोलता ती थांबली. नजर स्टुलावर गेली.

बाईमाणूस काय वेल्डिंग करणार म्हणून दात काढणारे कारागीर. पत्रा वाया गेला की अंगावर येणारा मालक. ते स्टूल मध्ये होतं तोवर एकाचाही शब्द तिच्या हातापर्यंत पोचला नव्हता. आणि ही बया समजत होती, म्हातारा डुलक्या काढतोय.

ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, नारळ घेऊन आली. उस्तादांपुढे ठेवला. काजळलेल्या हातांनीच डोळे पुसले, तोंड काळं झालं.

उस्तादांनी नारळ उचलून बाटल्यापुढे ठेवला.

"हा आर्गन आणतात कुठून, उस्ताद?"

"हवेतूनच काढतात. सांधा जाळते ना, त्याच हवेतून."

"मग त्या सगळ्या माणसांत तुम्ही एकटेच कसे..."

 उस्तादांनी स्टूल उचललं, नव्या वर्कशॉपसाठी तिच्या हातात दिलं.

"मीही त्याच हवेतला, पोरी."