घरापुढचा हौद

कापसाचे व्यापारी दामोदरशेठ काळबांडे यांचे घर गावाबाहेरच्या टेकाडावर होते. तिकडचा उन्हाळा फार कडक. एका वैशाखात त्यांच्या मुलीने, रेवतीने, घरीच पोहायला मिळावे म्हणून हट्ट धरला. जमीन खणून तलाव बांधायला सवड नव्हती. म्हणून शेठ आणि त्यांची पत्नी इंदूताई शहरात जाऊन जमिनीवर उभे करायचे हौद बघू लागले. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, आत जाड प्लास्टिकचे कापड आणि चढायला शिडी, असे ते हौद होते.

दुकानात दोन हौद मांडलेले होते. एक बुटका, मुलांच्या कमरेइतक्या पाण्याचा. दुसरा उंच, मुलांच्या छातीइतक्या पाण्याचा आणि ऐसपैस. दुकानदाराने बजावले, की मोठा घ्यायचा तर जमीन सपाट आणि टणक हवी, कारण भरल्यावर पाण्याचे वजन फार होते.

इंदूताईंनी बुटका पसंत केला. घरामागच्या फरसबंद अंगणात तो नीट बसला असता आणि स्वयंपाकघरातून मुलांवर नजरही राहिली असती. मोठ्याला जागा होती ती फक्त घरापुढे. तिथे गेल्याच वर्षी मातीचा भराव घातला होता. भरावाखाली उतार आणि उताराच्या पायथ्याशी शेजारी वामनराव झाडे यांचे घर. हे सारे त्यांनी शेठना समजावून सांगितले.

"मागच्या अंगणात ठेवला, तर बघणार कोण?" शेठ म्हणाले. त्यांनी मोठा हौद घेतला.

रविवारी पहाटेपासून हौद भरू लागला. दुपारी शेठ पाहायला गेले, तेव्हा त्यांना एक गोष्ट खटकली. घराच्या बाजूला पाणी काठापासून वीतभर खाली होते. उताराच्या बाजूला ते काठाला टेकले होते. हौदाचा एक पाय भरावात रुतला होता. शेठनी आजूबाजूला पाहिले. कोणी बघत नव्हते. त्यांनी त्या पायाखाली एक चपटा दगड सरकवला आणि हात झटकले. साऱ्या गावाला संध्याकाळचे बोलावणे गेले होते. आता माघार घेतली तर लोक हसतील, असे त्यांना वाटले.

संध्याकाळी घरापुढचे अंगण माणसांनी भरले. मुले पाण्यात उतरली. रेवती सगळ्यांत पुढे होती. लोक कौतुक करत होते, आणि शेठ हसतमुखाने ते ऐकत होते. पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या दगडाकडे जात होती.

मुलांनी एकदम उड्या मारल्या. लाट उताराच्या बाजूला आदळली. दगड मातीत नाहीसा झाला आणि सांगाड्याची नळी हळूहळू बाहेर झुकू लागली.

शेठनी खाली पाहिले. वामनरावांच्या अंगणात त्यांची म्हातारी आई बाजेवर पडली होती. बाजेशेजारी पाळण्यात वामनरावांची नात झोपली होती. वामनराव स्वतः हौदाजवळ उभे राहून सरबत पीत होते.

शेठच्या तोंडाशी एक सबब आली. पाणी गढूळ झाले आहे, बदलायला हवे, असे म्हटले असते तर मुलेही बाहेर आली असती आणि अब्रूही राहिली असती. पण तेवढ्यासाठी वामनराव घराकडे धावले नसते. सरबत संपवून सावकाश निघाले असते.

नळी आणखी झुकली.

"वामनराव, पळा," शेठ म्हणाले. "आईंना आणि नातीला घरामागे न्या. हौद फुटणार आहे. जमीन खचलेली मी दुपारीच पाहिली होती, आणि गप्प बसलो."

वामनरावांच्या हातातला पेला पडला आणि ते उतारावरून धावत सुटले. चार माणसे त्यांच्यामागे गेली.

मुले घाबरून शिडीकडे वळली. शिडी नेमकी उताराच्या बाजूला होती. सगळी तिकडे धावली असती, तर हौद त्यांना घेऊनच कोसळला असता. इंदूताई घराच्या बाजूच्या काठाशी गेल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "माझ्याकडे चालत या. उडी कोणी मारायची नाही."

मुले त्यांच्याकडे वळली. इंदूताई आणि शेठ एकेकाला उचलून बाहेर घेऊ लागले. रेवती सर्वांत जवळ होती. शेठचे हात तिच्याकडे वळले, पण तिच्यामागे एक लहान मुलगी हुंदके देत होती. त्यांनी आधी त्या मुलीला उचलले. रेवती शेवटी निघाली. तिचे पाय जमिनीला लागतात न लागतात, तोच कापड टरकन फाटले.

पाणी उतारावरून गर्जत गेले. त्याने वामनरावांची बाज उचलून भिंतीवर आपटली आणि पाळणा मोडून टाकला. पण बाज रिकामी होती आणि पाळणाही रिकामा होता. नातीला छातीशी धरून वामनराव घरामागे उभे होते. आई त्यांच्या खांद्याला टेकून उभी होती.

शेठ चिखलातून त्यांच्यापाशी गेले आणि म्हातारीच्या पायांवर डोके ठेवले. वामनराव म्हणाले, "दुपारी बोलला असतात, तर आम्ही तुमच्यावर हसलो असतो. तेवढेच झाले असते."

शेठनी मान खाली घातली.

यातून घेण्यासारखे तात्पर्य: घरच्यांच्या सुखाची वस्तू लोकांना दाखवण्यासाठी निवडू नये, आणि निवड चुकली असे कळताच, हसे होईल म्हणून ते झाकून ठेवू नये, कारण त्या झाकण्याची किंमत दुसऱ्याच्या जिवाने मोजावी लागू शकते.