पिराजी वस्तादाची पाठ

"आणि ही चालणार कवा, ते सांगा की!"

पिराजी वस्तादानं हे चौथ्यांदा विचारलं.

तक्यातला फकीर, हुसेनबाबा, शेळीच्या अंगातली कुसळं काढत होता. एक निघालं. त्यानं ते उन्हात धरून पाहिलं.

"कोण?"

"कोण म्हंजे? ही! माझी शेवंती."

"मला कुठं शेवंती दिसतेय? मला तुझा खांदा दिसतोय."

वस्तादानं खांद्यावरची पोर जरा सरळ केली. पोरीची मान पुन्हा कलली. वस्तादाचा तळहात लगेच तिच्या मानेमागं गेला. तो हात तिथंच असायचा.

जीप माझी, म्हणून मी तिथं होतो. मी गोष्टी फुगवून सांगतो असं गावात बोललं जातं. खोटं नाही ते. वस्तादाला लांबून येताना बघून म्हशी आपणहून पान्हा सोडायच्या, हे मीच पसरवलेलं. पण पुढचं मला फुगवावं लागलं नाही. तीस वर्षं, अडीचशेच्या वर कुस्त्या, आणि पिराजीच्या पाठीला मातीचा कण लागलेला कुणी पाहिला नव्हता. तालमीतली पोरं त्याच्या पायाला हात लावायच्या आधी पाठीला लावायची.

शेवंती झाली तेव्हा तो पन्नाशीला आलेला. पोर निळी पडली होती, रडली फार उशिरा. नर्सबाईंनी तिला टेबलावर उताणी ठेवली, तर हा दारातून गरजला, "पिराजीच्या पोरीची पाठ कुणी लावायची न्हाई!"

उचलली, ती उचललीच.

दिवसा खांदा, झोपताना छाती. तो बाहेर गेला की पैलवानांच्या पाळ्या. दोन वर्षं आणि वर तीन महिने. पोर पालथी पडली नाही, बसली नाही, हातात दिलेलं तिनं धरलं नाही.

बाबानं दुसरं कुसळ काढलं.

"दवाखान्यात दाखवलीस?"

"दाखवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोर मागं हाय, हळूहळू शिकंल. रोज खाली सतरंजीवर ठेवा, पालथी घाला, तिच्यासंगं खेळा." वस्तादाचा आवाज चढला. "खेळा! मी औषध मागाय गेल्तो, बाबा. ती बाई मला खेळाय सांगती."

"मग खेळलास?"

वस्तादानं पोरीचं झबलं सारखं केलं.

त्याची बायको, अनुसया, जीपच्या सावलीत उभी होती. तिथूनच बोलली.

"मी खाली ठेवते. ही रडते. हे उचलतात. मी ठेवते, हे उचलतात. आमच्या घरात एवढीच कुस्ती चालते, बाबा."

"रडती तर काय बघत बसू?"

"तसंच बाईंनी सांगितलं होतं. थोडं रडू द्या, जवळ बसा."

"त्यांची लेक न्हवं ती."

बाबानं शेळीला बाजूला सारलं. हात झटकले.

"इतके दिवस आला नाहीस. आज का आलास?"

वस्तादानं माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं.

"गुडघा..." तो म्हणाला.

"काय झालं गुडघ्याला?"

"गेल्या महिन्यात जिना उतरताना वाकला. एकदम. पोर खांद्यावर. भिंत होती म्हणून..." त्यानं पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "बाबा, मी बावन्नचा हाय. उद्या मी पडलो, तर हिला कोण उचलणार? म्हणून इचारतो. ही चालणार कवा?"

बाबा उठला. आत गेला. एक जुनी गोधडी घेऊन आला आणि तिथंच, कडुनिंबाखाली, मातीवर पसरली.

"ठेव."

"कुठं?"

"इथं. उताणी."

वस्तादाचा हात पोरीच्या पाठीवर घट्ट झाला.

"बाबा, आमच्यात पाठ..."

"ठेव."

त्यानं ठेवली. ठेवायच्या आधी गोधडीखालचा एकेक खडा त्यानं चाचपून काढला, हे मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेची किंमत गावाला माहीत आहे. तिचं डोकं टेकलं तरी त्याचा तळहात खाली तसाच.

"हात काढ."

काढला.

शेवंती आधी गप्प राहिली. वर झाड. मग तिचे पाय ताठ झाले, ओठ वाकडा झाला आणि तिनं गळा काढला. वस्ताद झेपावला. बाबाची काठी मधे आली.

"आता तू."

"मी काय?"

"तिच्या शेजारी. उताणा. पाठ टेक."

वारा पडला म्हणणार होतो, पण वारा तसाही नव्हता.

तक्याच्या दगडी गडग्यावर खालच्या तालमीचे दोन पैलवान बसलेले. खालची तालीम म्हणजे वस्तादाची वैरी. गेली वीस वर्षं ते लोक फक्त एकाच गोष्टीची वाट बघत होते.

वस्तादानं त्यांच्याकडं पाहिलं. मग बाबाकडं.

"बसतो की. मांडी घालून बसतो तिच्यापाशी."

"बसलास तर तिला तुझा गुडघा दिसेल. उभा राहिलास तर हनुवटी. खांद्यावर घेतलीस तेव्हा पाठीमागचा रस्ता. सव्वादोन वर्षांत बापाचं तोंड तिनं किती बघितलं?"

पोर रडत होती. वस्तादाच्या कपाळावर घाम फुटला.

"म्हंजे माझ्यामुळं झालं हे? मीच केलं?"

हे त्यानं फार हळू विचारलं. अनुसयेनं मान वळवली.

"नाही," बाबा म्हणाला. "ती जन्मतःच सावकाश वाढणार होती. तू वाटेत उभा राहिलास, एवढंच."

"पर बाबा... त्यांच्यासमोर?"

"जागा ही एवढीच आहे."

वस्तादानं धोतराचा सोगा वर खोचला. परत सोडला. जीपकडं दोन पावलं गेला. मला वाटलं, संपलं. किल्ली काढली मी.

अनुसया त्याच्या आडवी उभी राहिली. त्याच्या छातीपर्यंत येते ती, फार तर.

"पाठ कुणाची जपताय?" ती म्हणाली. "तिची, का तुमची?"

वस्तादाचा हात सवयीनं खांद्याकडं गेला, आणि खांदा रिकामा होता.



मग तो वळला. गोधडीपाशी आला. एक गुडघा टेकला, दुखरा. दुसरा टेकला. एक हात मागं. कोपर. आणि मग, तीस वर्षांत कुणाच्या बापाला जमलं नव्हतं ते त्याचं त्यानं केलं.

पाठ टेकली.

पलीकडच्या ओढ्यातले बगळे उडाले. शेळी दावं तोडून पळाली. दावं आधीच तुटकं होतं, पण पळाली.

वस्तादानं डोळे मिटून घेतलेले. गडग्याकडं बघायचं नव्हतं त्याला.

"डोळे उघड. तिच्याकडं तोंड कर."

केलं.

शेवंती रडायची थांबली.

एकदम नाही. आधी हुंदका, मग अर्धा हुंदका, मग नुसतं नाक. तिची मान वस्तादाकडं वळली. एरवी कुणी वळवल्याशिवाय ती वळायची नाही. वीतभर अंतरावर बापाचं तोंड होतं. तोंडाशेजारी पैलवानाचा मोडका कान, सुकलेल्या अंजिरासारखा.

तिनं त्या कानाकडं पाहिलं.

पुन्हा पाहिलं.

"बोलू?" वस्ताद ओठ न हलवता म्हणाला.

"नको."

पोरीचा पलीकडचा हात हलला. गोधडीवर आपटला. परत उचलला. कानापर्यंत पोचेना. तिनं अंग ओढलं. कमर उचलली गेली, एक पाय दुसऱ्यावर पडला, आणि ती कुशीवर आली...

तिथंच अडकली.

खालचा हात अंगाखाली सापडला होता. ना पुढं, ना मागं. तोंड लाल झालं. तिनं असा टाहो फोडला की अनुसयेनं पदराचा बोळा तोंडात धरला.

"बाबा!" वस्तादाचे दोन्ही हात वर आले.

"हात मागं!"

"गुदमरंल ती!"

"नाक मोकळं आहे. मी बघतोय. आई बघतेय. हात मागं."

"किती वेळ?"

 बाबा उकिडवा बसून पोरीच्या नाकाकडं बघत होता.

मी किती माणसांना घाबरलेलं पाहिलं आहे. पुरात, आगीत, बायकोच्या माहेरी. पण पाठीवर पडलेला पिराजी वस्ताद, दोन्ही मुठी आवळून, डोळ्यांतून धार लागलेली, आणि एक बोट न हलवणारा... तेवढं घाबरलेलं माणूस मी परत पाहिलं नाही.

पोर थकली. मागं कलू लागली.

"आता," बाबा म्हणाला. "दोन बोटं. तिच्या कमरेला, मागून. ढकलू नकोस. मागं पडू देऊ नकोस, एवढंच."

अडीचशे माणसं उलथी टाकणाऱ्या हाताची दोन बोटं पुढं आली. फुलपाखरू धरावं तशी कमरेला टेकली.

"बाकीचं?"

"बाकीचं तिचं."

शेवंतीला काहीतरी टेकायला मिळालं. ती कण्हली. खांदा एकदा पुढं गेला, परत आला. दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा अडकलेला हात सुटला आणि अख्खी पोर धप्पकन पालथी पडली. नाक गोधडीत.



मग तिनं डोकं उचललं. लटपटत. चार बोटं वर, जास्त नाही. तेवढ्यात तिनं बापाचा कान धरला.

घट्ट धरला.

"आई गं," वस्ताद म्हणाला. दुखलं म्हणून, का कशानं, ते मी विचारलं नाही.

गडग्यावरचे दोघं उठले होते. त्यांतला थोरला, पुढच्या मैदानात वस्तादाच्या पठ्ठ्याशी लढायचा होता तो, त्यानं धाकट्याची मान धरून तोंड दुसरीकडं फिरवलं. स्वतःचंही फिरवलं.

"वस्ताद," तो तिकडं बघतच म्हणाला, "आमी काय बघितलं न्हाई. तुमची पाठ आमी बघितलीच न्हाई."

"अरं बघा की रं, मुडद्यांनो!" वस्ताद पडल्या पडल्या ओरडला. कान अजून पोरीच्या मुठीत. "नीट बघा! जाऊन सांगा तुमच्या वस्तादाला! पोरगी पालथी पडली माझी!"

अनुसया हसायला लागली. मग तिला हसता येईना. ती गोधडीच्या कडेला खाली बसली आणि पोरीच्या टाचेवर तिनं कपाळ टेकलं.

शेवंतीचं डोकं पुन्हा गोधडीत गेलं. ती कुरकुरली. वस्ताद उठू लागला, हात सवयीनं तिच्या पोटाखाली सरकले.

बाबानं काठीचं टोक त्याच्या छातीवर ठेवलं. वजन काहीच दिलं नाही. वस्ताद परत आडवा झाला.

पोरीनं तोंड एका बाजूला केलं. आपलं आपण. आणि श्वास घेत पडून राहिली.



मग वस्तादाला परत सुरसुरी आली. त्याच्या कपाळावरची आठी मला जीपपासूनही दिसली.

"बाबा, आता झालं न्हवं? आता ही सरळ लागंल न्हवं? दिवाळीपातूर बसंल? का शिमगा धरू? चालणार कवा, नक्की सांगा. वाटलं तर दोन वर्स सांगा, पर सांगा. न्हाई तर..." त्यानं पोरीच्या पायाकडं पाहिलं. "न्हाईच चालली तर?"

अनुसयाही बाबाकडं बघत होती. तिचाही तोच सवाल होता, तिनं फक्त कधी विचारला नव्हता.

बाबा शेळी शोधायला निघाला होता. थांबला. मागं वळून त्यानं गोधडीकडं पाहिलं. पोर, बाप, मातीत गेलेली बापाची पाठ...

"उद्या हिच्याशेजारी कुठं आडवा पडणार आहेस, ते सांग."