डब्यावर बसलेला म्हातारा

नदीकाठच्या एका गावात एकदा एक म्हातारा राहत होता, आणि त्याला बास्केटबॉलचा भारी नाद होता. स्वतः तो कॉलेजची पायरी कधी चढला नव्हता. पण कॉलेजचं मैदान मातीचं होतं तेव्हापासून तो त्याच्या कडेला बसत आला होता. पुढं सिमेंट पडलं, जाळीमागच्या लाकडी फळ्या जाऊन काचेच्या आल्या, तरी त्याची जागा हलली नाही. पोरं येत, दोन-तीन वर्षं खेळत, पदवी घेऊन पांगत. संघ दर वर्षी नवा, म्हातारा तोच. कुणी विचारी, "आबा, पोरं तर टिकत नाहीत, मग तुम्ही जीव लावता तो कुणावर?" तेव्हा तो म्हणे, "अंगणात आलेली चिमणी कालचीच आहे का, हे बघून कुणी दाणे टाकतं का?"

या गावात सामन्याला ढोलताशे नसत. परीक्षेच्या दिवसांत प्राचार्यांनी एकदा ते बंद केले, ते कायमचे. मग गावातल्या तेलाच्या व्यापाऱ्यानं आपले रिकामे डबे मैदानावर आणून टाकले आणि माणसं काठीनं डबे बडवू लागली. त्यातला एक डबा सगळ्यांत मोठा, तो म्हाताऱ्याचा. तो घुमला की मगच बाकीच्यांनी वाजवायचं, अशी रीत पडली. म्हातारा उगाच, केव्हाही वाजवीत नसे. चेंडू हातचा जाऊन आपली पोरं उलट पावली धावू लागली, की तो काठी उचले.

त्याचा एक शिष्य होता. पिठाची गिरणी चालवणारा तरणा माणूस. सामन्याच्या दिवशी गिरणी लवकर बंद करून येई, भुवयांवर पीठ तसंच. त्याला म्हातारा सांगे, "जाळीत चेंडू पडला की कुणीही बडवतो, त्याला शिकावं लागत नाही. पाय जड झालेत कुणाचे, ते बघ. वाजवायचं ते त्याच्यासाठी." शिष्य मान हलवी. शिकणाऱ्याची मान लवकर हलते. समज तिच्या मागून सावकाश येते.

एका वर्षी म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. लेक परगावी होती, ती येऊन त्याला घेऊन गेली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं, मग लेकीनं लवकर सोडलंच नाही. त्या सबंध मोसमात मोठा डबा शिष्याच्या हाती आला, आणि शिष्याला एक युक्ती सापडली.

बास्केटबॉलमध्ये कुणी कुणाला नियमाबाहेर धक्का दिला की पंच शिट्टी मारतो. ज्याला धक्का बसला, तो रेषेवर उभा राहतो आणि त्याला मोकळ्यानं जाळीवर नेम धरता येतो. कुणी अडवायचं नाही, कुणी अंगावर जायचं नाही. याला फ्री थ्रो म्हणतात. शिष्यानं काय केलं, समोरच्या संघाचा पोरगा असा रेषेवर उभा राहिला, डोळे जाळीवर लावले, की नेमक्या त्या क्षणी मोठा डबा घुमवायचा. त्यासरशी सगळे डबे कडाडायचे. पोराचा हात हलायचा, चेंडू कड्याला लागून बाहेर. माणसं खूश. तेलाचा व्यापारी तर म्हणू लागला, "संघात एक गडी आपला डबाही आहे." सामन्यामागून सामने जिंकत कॉलेज विद्यापीठाच्या अंतिम सामन्याला पोचलं. तिथवर ते आजवर कधी गेलं नव्हतं. करंडक गावात यावा, एवढीच एक गोष्ट शिष्यानं देवाकडं मागितली होती. त्यातून संघाचा कप्तान हणमंत, सुट्टीत त्याच्याच गिरणीत पोती उचलणारा, त्याचं हे शेवटचं वर्ष. या खेपेला हुकलं की हणमंताच्या हाती करंडक पुन्हा येणं नाही.

अंतिम सामना याच मैदानावर होता. त्या दुपारी म्हातारा एसटीतून उतरला तो तडक मैदानावर आला, डोळ्यांवर काळा चष्मा.

"आबा, सिनेमातनं आलाय जणू," कुणीतरी म्हणालं.

"गर्दी बघून तसंच वाटलं खरं," म्हातारा म्हणाला आणि आपल्या जागी बसला. मोठा डबा शिष्य त्याच्याकडं सरकवू लागला, तर म्हणाला, "राहू दे. तुझा हात बसलाय. मी बघतो."

सामना सुरू झाला. थोड्या वेळानं पाहुण्या संघाचा एक उंच, हडकुळा पोरगा रेषेवर आला आणि शिष्यानं डबा घुमवला. चेंडू चुकला. मैदान हसलं.

म्हातारा वळला. "हे नवीन दिसतंय."

"माझी युक्ती आहे, आबा," शिष्य अभिमानानं म्हणाला. "वर्षभर चालवलीय. एक सामना हरलो नाही."

"असं," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा खेळ बघू लागला. मधल्या सुट्टीत त्यानं चहाही घेतला नाही.

सामना शेवटाला आला तेव्हा गावचा संघ एका गुणानं पुढं होता. घड्याळात एखाद्या श्वासाचा वेळ उरला असेल. तोच हडकुळा पोरगा चेंडू घेऊन जाळीकडं उसळला. हणमंत त्याच्या आडवा गेला, आणि दोघं खाली आले ते एकमेकांच्या अंगावर. शिट्टी झाली. पंचानं हणमंताकडं बोट दाखवलं. पाहुण्या पोराला दोन नेम. एक पडला तर बरोबरी, दोन्ही पडले तर करंडक गेला.

शिष्यानं काठी मुठीत आवळली. सगळ्या डब्यांवरच्या काठ्या वर झाल्या, सगळे त्याच्या हाताकडं बघत होते.

तेव्हा म्हातारा उठला. सावकाश चालत आला, धोतर आवरलं, आणि मोठ्या डब्यावर जाऊन बसला. फलाटावर एसटीची वाट बघत बसावं, तसा.

"आबा, उठा," शिष्य म्हणाला.

"बसू दे रे जरा."

"आबा, करंडक चालला."

"दिसतंय मला. आता चांगलं दिसतं."

मोठा डबाच गप्प, तेव्हा बाकीच्यांना कळेना काय करावं. काठ्या वरच्या वर राहिल्या. सबंध मैदानावर आवाज म्हणून एकच, पोरगा चेंडू आपटत होता त्याचा. त्यानं एकदा मान वळवून प्रेक्षकांकडं पाहिलं, जणू कुणी हाक मारली असावी. मग नेम धरला. पहिला चेंडू कड्यावर फिरला, फिरला आणि आत पडला. दुसरा सरळ गेला, जाळी तेवढी सळसळली. मागून शिट्टी झाली, ती सामना संपल्याची.

माणसं उठली. म्हाताऱ्याचं वय बघून कुणी फार बोललं नाही, पण तेलाचा व्यापारी जाता जाता थांबलाच. "आबा, ऑपरेशन डोळ्याचं केलंत ना? का डोक्याचं?"

"डोळ्याचंच, शेठ. डोक्याला भूल चढत नाही म्हणाले."

व्यापारी हसला नाही. पाहुण्या संघानं करंडक घेतला, फोटो काढले. मैदान हळूहळू रिकामं झालं. शिष्य म्हाताऱ्यापासून चार हात लांब, मैदानाकडेच्या पायरीवर, त्याच्याकडं पाठ करून बसला. घरी जावं तर गुरूला असं टाकून जाववत नव्हतं, आणि बोलावं तर तोंडून वाकडंच निघालं असतं. शेवटी ते निघालंच.

"वर्षाची मेहनत होती, आबा. तुम्ही तिच्यावर बसलात."

"कुणाची मेहनत?"

"पोरांची. आणि आमचीही."

म्हाताऱ्यानं चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "या वर्षी सामने किती जिंकलो म्हणालास?"

"सगळे. आजचा सोडून."

"त्यातले पोरांनी किती जिंकले, आणि डब्यांनी किती?"

शिष्य उत्तर द्यायला वळला, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला ते माहीत नाही. तो एकेक सामना आठवू लागला. तो निपाणीकडचा संघ, तीन नेम चुकलेला. ते शेवटच्या घटकेला बाहेर गेलेले चेंडू. जितकं आठवावं, तितकं कळेनासं होत गेलं.

"तुला सांगता येत नाही," म्हातारा हळू म्हणाला. "मलाही येणार नाही. पण बाळा, हणमंतालाही येत नाही. आपण त्याच्यावर जीव लावला आणि त्याचं जिंकणंच त्याच्यापाशी निर्मळ राहू दिलं नाही. लग्नात आपल्या हाती अक्षता देतात. कशाला? आशीर्वाद द्यायला. काही टारगट पोरं त्याच अक्षता नवऱ्याच्या डोळ्यांवर नेम धरून मारतात. तांदूळ तेच, हळदकुंकूही तेच. पण त्याला आशीर्वाद म्हणत नाहीत. थकलेल्याला उठवायला वाजला, तेव्हा आपला डबा अक्षतांसारखा होता. तू तो नेम धरून मारायला लागलास. वाईट हेतूनं नव्हे रे, प्रेमानंच. पण प्रेम करणाऱ्यानं साथ करावी, निकाल करू नये. निकाल ज्याचा त्याला लागू द्यावा."

"आणि करंडक?"

"गेला. मलाही वाईट वाटतंय. मी काय दगड आहे?"

एवढ्यात हणमंत समोर येऊन उभा राहिला. अंगातला बनियन घामानं चिकटलेला, डोळे लाल. शिष्याला वाटलं, आता हा म्हाताऱ्याला बोलणार. त्याला बोलण्याचा हक्कही होता.

"आबा, डब्यावर का बसलात?"

"पाय दुखत होते."

हणमंत मग खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. "दर सामन्यानंतर हॉस्टेलवर पोरं म्हणायची, आपण भारी आहोत. मला झोप यायची नाही. आज कळलं आम्ही किती पाण्यात आहोत ते. एका गुणाइतके कमी. तो धक्का माझाच होता, गडबडीनं उडी घेतली मी." त्यानं नाडी पुन्हा बांधली. "मी तर चाललो. पण मागच्या पोरांना एवढं नीट सांगून जाता येईल, काय कमी पडलं ते."

तो उठला आणि मैदानाच्या पलीकडं गेला. पाहुण्या संघाची गाडी अजून यायची होती. तो हडकुळा पोरगा पिशवीवर बसला होता. हणमंत त्याला म्हणाला, "इथल्या डब्यांनी तू आधी चुकलास. शेवटी कसा काय नाही चुकलास?"

"शांत झालं ना," पोरगा म्हणाला. "त्याची सवय नाही. पहिला चेंडू तर घाबरूनच टाकला."

"आणि दुसरा?"

"दुसरा मात्र नेम धरून टाकला. श्वास सोडून."

"दाखव."

दोघं रेषेवर गेले. उन्हं कलली होती, फळीची लांब सावली सिमेंटवर पडली होती. आधी एकानं टाकला, मग दुसऱ्यानं. पाहुणा हणमंताचं कोपर धरून जरा आत घेत होता, आणि हणमंत, ज्याचा करंडक त्यानं नेला होता, तो निमूट कोपर त्याच्या हाती देत होता. मैदानात आता बघायला कुणी नव्हतं. डब्यावर म्हातारा आणि पायरीवर शिष्य, एवढेच.

शिष्य उठून म्हाताऱ्याशेजारी येऊन बसला. म्हाताऱ्याला संध्याकाळच्या उन्हाचा त्रास होत होता, तर शिष्य थोडा पुढं सरकला, सावली पडेल असा.

जाळी सळसळली. शिष्याच्या हातून आपोआप टाळी वाजली. चेंडू कुणाचा होता, हे त्यानं पाहिलं नव्हतं.