म्हशीची वहिवाट

राजे प्रतापसेनांनी जमिनीच्या तंट्यांसाठी विसोबा धारपांना मुख्य न्यायाधीश नेमलं, तेव्हा सरदार भुजंगराव चिडले. ती जागा त्यांना आपल्या मेहुण्यासाठी हवी होती. पहिल्याच दिवशी विसोबांची फजिती करायची, असं ठरवून ते मेहुण्याला घेऊन कचेरीत आले.

“आमची म्हैस वर्षानुवर्षं गोदू कुंभारणीच्या अंगणात बसते,” ते ऐटीत म्हणाले. “गोदूने तिला कधी उठवलं नाही. म्हणजे वहिवाट आमची, आणि अंगणही आमचं.”

कचेरीत बोलावलेली गोदू रडवेली झाली. “सरदारांच्या म्हशीला उठवायची माझी काय छाती? अंगण गेलं तर मी मडकी कुठं वाळवू?”

विसोबांनी शांतपणे विचारलं, “सरदार, जो वर्षानुवर्षं बसतो आणि ज्याला कोणी उठवत नाही, त्याचीच ती जागा. हा नियम मान्य ना?”

“अगदी मान्य.”

“मग हे मेहुणे राहतात कुठे?”

“आमच्या वाड्यात. लग्नात बहिणीच्या पाठराखणीला आले, ते अजून झोपाळ्यावर बसलेत.”

“तुम्ही कधी उठवलंत?”

“छे. घरात बायको आहे.”

विसोबा कारकुनाकडे वळले. “लिहा. अंगण सरदारांचं, वाडा मेहुण्यांचा.”

“मला निकाल मान्य आहे,” मेहुणे लगेच म्हणाले. “दाजी, तुम्ही म्हशीपाशी राहायला जा.”

भुजंगरावांनी घाईघाईने दावा मागे घेतला आणि जाताना म्हशीलाही घरी नेलं. तेव्हापासून विसोबांकडे खोटा दावा आणणारा माणूस आधी आपल्या घरात कोण कोण बसलंय, ते बघून यायचा.