घागरीएवढं गाव

फार जुनी गोष्ट आहे. त्या गावाचं नावसुद्धा आता कुणाला सांगता यायचं नाही. गावाचा कारभार एक पाटलीण पाहायची. जिभेची तिखट, पण गावाचा अभिमान तिच्या रक्तातच होता.

पेरणीआधी गावाला पाण्याची धार धरायचा तिथला रिवाज. पाटलिणीनं भरली घागर कमरेवर घ्यायची आणि धार न तोडता सगळ्या घरांना वळसा घालायचा. धार जुळली की गावाला वर्षभर भय नाही, अशी श्रद्धा होती.

त्या वर्षी घागर निम्म्या वाटेतच रिती झाली. होणारच! लग्न झालं की शेतात ऐसपैस घर बांधायचं, अशी टूम निघाली होती. एक घर इथे, दुसरं पार तिकडे. मधली काळी जमीन वाटांनी आणि अंगणांनी गिळली होती, आणि गावातली जुनी घरं ओस पडली होती.

"पाटलीणबाई, रांजणच घ्या की!" एकजण म्हणाला.

"आणि उचलणार कोण? तुझी सासू?" पाटलीण कडाडली. "अंथरूण पाहून पाय पसरावेत. घागर पुरेल तिथवर गाव, त्यापुढे नांगर. आधी ओस घरं भरा. माणसं वाढली तर माड्या चढवा."

तेवढ्यात तिचा एकुलता एक मुलगा पुढे आला. त्याचं लग्न ठरलं होतं, ओढ्याकाठच्या शेतात पायाही खणून झाला होता.

"आई, माझ्यापुरतं तरी..."

पाटलिणीला वाटलं, पोरगा रुसून गाव सोडून गेला तर? तरी ती म्हणाली, "आधी तुझाच पाया बुजेल."

मुलगा वर्षभर तिच्याशी बोलला नाही. पण गावातल्याच एका पडक्या घरावर माडी चढवून त्यानं संसार थाटला. ते पाहून बाकीचेही शेतातली घरं सोडून हळूहळू गावात आले.

पुढे लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. शेजारचं गाव शिवेपर्यंत घरांनी भरलं होतं, त्यांच्याकडे साठवायला दाणाच पिकला नव्हता. इथली धान्याची पेवं मात्र भरलेली होती. शेजारची माणसं पोराबाळांसह दारात आली, तेव्हा पाटलिणीचा मुलगाच त्यांच्या पदरात ज्वारी ओतत होता.

"कुठल्या शेतातली रे ही?" एका म्हातारीनं विचारलं.

"माझं घर होणार होतं ना, तिथली," तो ताठ मानेनं म्हणाला. "आमच्या आईनं होऊ दिलं नाही."

पाटलिणीचा ऊर अभिमानानं भरून आला.

लहानथोरांनो, गाव वाढवताना जो शेत राखतो, त्याच्याच गावात चूल पेटती राहते.