ढाण्याला हवा चौरंग

इवलीशी मुंगी होती. तिचं नाव टिकली. भामाकाकूंच्या ओसरीवर राहायची.

तिथेच ढाण्या राहायचा. ढाण्या म्हणजे कुत्रा. भला मोठा, पण आता म्हातारा. ढाण्या जेवायचा, लप लप लप! खाली कण सांडायचे. ते टिकलीचे. अगदी हक्काचे!

एक दिवस ढाण्याने मान खाली घातली. "कुंई!" मान दुखली. भाकरी चावली. कटक! दात दुखला. ढाण्या बसला भिंतीकडे तोंड करून.

"रुसलाय वाटतं," काकू म्हणाल्या.

छे! रुसतोय कुठला? ढाण्या उपाशी. टिकलीही उपाशी. टिकलीला फार फार वाईट वाटलं.

तुरु तुरु तुरु! टिकली गेली ढाण्याच्या ताटलीकडे.

"ताटली ताटली, उंच हो ना!
मान वाकत नाही,
ढाण्या जेवत नाही,
कण सांडत नाही,
मी उपाशी!"

"मी नाही जा! चौरंग आला, तर चढेन."

तुरु तुरु तुरु! टिकली गेली स्वयंपाकघरात.

"चौरंगा चौरंगा, ओसरीवर चल ना!
ताटली चढत नाही,
मान वाकत नाही,
ढाण्या जेवत नाही,
कण सांडत नाही,
मी उपाशी!"

"मी नाही जा! डोक्यावर हंडा बसलाय. हंडा उतरला, तर येईन."

"हंड्या हंड्या, खाली उतर ना!
चौरंग येत नाही,
ताटली चढत नाही,
मान वाकत नाही,
ढाण्या जेवत नाही,
कण सांडत नाही,
मी उपाशी!"

"मी नाही जा! काकू उठल्या, तर उतरेन."

तुरु तुरु तुरु!

"काकू काकू, उठा ना!
हंडा उतरत नाही,
चौरंग येत नाही,
ताटली चढत नाही,
मान वाकत नाही,
ढाण्या जेवत नाही,
कण सांडत नाही,
मी उपाशी!"

"अगं बाई! मान दुखते होय त्याची? पण मांडीवर बाळ निजलंय गं. बाळ उठलं, तर उठेन."

टिकली चढली मांडीवर.

"बाळा बाळा, ऊठ ना!
काकू उठत नाहीत,
हंडा उतरत नाही,
चौरंग येत नाही,
ताटली चढत नाही,
मान वाकत नाही,
ढाण्या जेवत नाही,
कण सांडत नाही,
मी उपाशी!"

बाळ म्हणालं, "घुर्रर्र... फूं!"

आता काय करायचं? चावायचं? छे छे! बाळाला कुणी चावतं का? टिकली गेली तळपायावर. गुदू गुदू गुदू!

"खी खी खी!"

बाळ उठलं!
बाळ उठलं, काकू उठल्या.
काकू उठल्या, हंडा उतरला. धप्प!
हंडा उतरला, चौरंग आला. खर्रर्र!
चौरंग आला, ताटली चढली. टण्ण!

"पाहुण्यांना चौरंग, मग आमच्या ढाण्याला का नको?" काकू म्हणाल्या. त्यांनी भाकरी कोमट पाण्यात भिजवली. मऊ मऊ कुस्करली.

ढाण्या उठला. वाकायलाच नको! लप लप लप! शेपूट फट फट फट!

आणि चौरंगावरून कण सांडला. टप्प! केवढा? टिकलीहून मोठा!

टिकलीने तो डोक्यावर घेतला आणि ओसरीभर मिरवला.

तेव्हापासून ढाण्याचं पान चौरंगावर. आणि टिकलीचं पान? चौरंगाखाली!