दूर दाखवणारी खिडकी

एकदा एका वृद्ध छायाचित्रकाराच्या दारी एक व्यापारी नवी लेन्स घेऊन आला. मखमलीच्या पिशवीतून त्याने ती अशी अलगद काढली, की बघणाऱ्याला वाटावं, आता ही तान्ह्या बाळासारखी रडेल. लेन्स रुंद दृष्टीची होती आणि मंद उजेडातही भरपूर प्रकाश आत घेणारी होती.

"गुरुजी, अजून कुणाच्या हाताला लागलेली नाही. थोडे दिवस वापरा. तुम्ही म्हणाल तेच मी गिऱ्हाइकाला सांगेन."

गुरुजींनी तिच्या निळसर काचेत क्षणभर पाहिलं आणि ती शेजारी उभ्या असलेल्या शिष्येच्या हातात ठेवली. "माझे डोळे आता जुने झाले. हिला वापरू द्या."

शिष्या नवविवाहित होती. सासरी बोलण्यापेक्षा बघण्याला अधिक वाव असतो हे तिच्या लवकर ध्यानात आलं होतं, त्यामुळे कॅमेरा तिला पटकन वश झाला.

गुरुजींचा कॅमेरा जुन्या घडणीचा. त्यात लेन्समधून बघायची सोय नसते. कॅमेऱ्याच्या अंगातच एक लहान खिडकी असते. तिच्यात समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सचं कडं फिरवून त्या एकमेकींवर आणल्या, की वस्तू किती अंतरावर आहे ते कड्यावरच्या आकड्यांतून कळतं. पण या नव्या लेन्सचा आवाका त्या खिडकीत मावत नव्हता. म्हणून व्यापाऱ्याने दुसरी एक खिडकी सोबत दिली होती, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायची. तिच्यातून डोकावलं की सगळं काही दिसे. फक्त इवलंसं, आणि लांब.

पहिले काही दिवस शिष्या त्या लेन्सवर लुब्ध झाली. स्वयंपाकघरात दिवा न लावताही भाकरीवरची वाफ फोटोत उतरली. एरवी एका पंगतीत न मावणारी सासरची माणसं एका चौकटीत मावली. कडेला बसलेल्या आत्येसासूबाईंचा दंड तेवढा ताणला जाऊन दुप्पट झाला होता. तो फोटो तिने कपाटात साड्यांच्या खाली सरकवला आणि लेन्सबद्दलचं आपलं मत चांगलंच ठेवलं.

"घरातलं ठीक आहे हो," व्यापारी म्हणाला. "हिची परीक्षा अंधारात आणि वेगात घ्यायला हवी."

गावात जत्रा भरली होती. जत्रेत मौत का कुआँ आला होता. लाकडी फळ्यांची उंच गोल विहीर, वर ताडपत्रीचं छत, आत दोन मिणमिणते दिवे. विहिरीच्या उभ्या भिंतीवरून मोटरसायकल गोल गोल धावते आणि लोक वरच्या काठावर उभे राहून आत बघतात. भर दुपारी ते तिघे तिथे गेले.

जिना चढतानाच शिष्येच्या पायांखालच्या फळ्या लवू लागल्या. खाली इंजिन सुरू झालं आणि अख्खा काठ थरथरू लागला. ती थरथर तिच्या गुडघ्यांतून वर चढत दातांपर्यंत पोचली. गाडीवर तिच्याच वयाची एक मुलगी होती. लोक तिला नगीना म्हणून हाका मारत होते. एकेक फेरी वर वर येत तिने गाडी काठाच्या वीतभर खाली आणली. गर्दी ओरडून मागे हटली. शिष्या तर केव्हाच खांबाला मिठी मारून उभी होती.

"वहिनी, खांबाचा फोटो काढायला आलोय का आपण?" व्यापारी हसला. तो स्वतः काठापासून बराच मागे उभा होता. "लावा की डोळ्याला."

तिने वरच्या खिडकीला डोळा लावला आणि काय आश्चर्य, भीती गेली. आवाज तोच, हादरे तेच, पण आता विहीर एखाद्या परातीएवढी होती आणि त्या परातीच्या कडेने एक मुंगी फिरत होती. मुंगीला कोण भितं? तिला वाटलं, फार लहान येतेय, अजून जवळ जायला हवं. ती खांब सोडून पुढे झाली. कठड्यावर पोट टेकलं. कोपर आत गेले. कॅमेऱ्याचा पट्टा विहिरीत लोंबू लागला. गाडी येत होती आणि अजूनही लहानच दिसत होती.

कुणीतरी मागून तिचा दंड धरून तिला खेचलं.

त्याच क्षणी तिच्या चेहऱ्यावर पेट्रोलच्या धुराचा गरम झोत आदळला. टायर किंचाळला. गाडी झोकांडी खाऊन खाली घसरली, नगीनाचा गुडघा फळ्यांवर घासत गेला, आणि वर उभ्या असलेल्या साऱ्या लोकांचा श्वास एकदमच थांबला. गाडी पडली नाही. डगमगत, फेरी फेरीने ती तळाशी आली. नगीना हँडलवर कपाळ टेकून कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

खेळ थांबला. तिघे खाली उतरले तेव्हा ती लंगडत समोर आली. विजारीचा गुडघा फाटून रक्त आलं होतं.

"वाकली होती ती कोण?"

"मी," शिष्या म्हणाली.

"तो पट्टा हँडलात अडकला असता तर? तुमचा फोटो निघाला असता ताई, आणि माझं तेरावं."

"मला तुम्ही लांब दिसलात."

"लांब?" नगीना तिच्याकडे बघत राहिली. "मला तुमच्या कानातल्या कुड्या दिसल्या. डावी उलटी घातलीय."

शिष्येने लेन्स काढली आणि व्यापाऱ्यापुढे धरली. "घेऊन जा. मला नको ही. कुणाचा जीव गेला असता."

गुरुजींनी लेन्स तिच्या हातातून घेऊन पुन्हा कॅमेऱ्यावर चढवली. मग डोक्यावरची खिडकी सोडवून स्वतःच्या खिशात टाकली, आणि नगीनाला म्हणाले, "पुढच्या खेळाला ही परत वर उभी राहील. तुझी हरकत नसेल तरच."

"म्हातारबा, डोकं ठिकाणावर आहे ना?"

व्यापारीही गडबडला. "गुरुजी, नेमकी तीच खिडकी काढलीत. आता लेन्सला काय काय दिसतंय ते हिला कळणार कसं?"

गुरुजी शिष्येकडे वळले. "बाळ, कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी तुला काय वाटत होतं?"

"भीती."

"आणि लावल्यावर?"

"गेली."

"तेव्हा मला भीती वाटली, म्हणून मी तुझा दंड धरला," गुरुजी म्हणाले. "या काचेला पुष्कळ काही पोटात घ्यायचं असतं, म्हणून ती प्रत्येक गोष्ट मागे ढकलते. तो तिचा दोष नव्हे, तिचा धर्म आहे. पण तिने मागे ढकललेलं माणूस खरोखर मागे जात नाही. ते तुझ्या हाताच्या अंतरावर आपला जीव घेऊन धावतच असतं. खालच्या खिडकीत तू दोन प्रतिमा जुळवल्या असत्यास, तर कड्यानेच तुला अंतर सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस. एकदा सगळं दिसायला लागलं की अंतर विचारावंसं वाटत नाही. तुझी भीती मात्र न विचारता सांगत होती. तिला हाकलू नकोस. तिला सोबत घेऊन उभी राहा."

नगीना गुडघ्याला रुमाल बांधत ऐकत होती. गाठ मारून ती उठली. "पट्टा मनगटाला गुंडाळायचा. आणि ती कुडी सरळ करा, माझं लक्ष जातं तिकडे."

दुसऱ्या खेळाला इंजिन सुरू झालं तशी भीती पुन्हा गुडघ्यांतून दातांपर्यंत आली. या वेळी शिष्येने तिला येऊ दिलं. खालच्या खिडकीत दोन नगीना दिसत होत्या, एकमेकींपासून सुटलेल्या. कडं फिरवता फिरवता त्या एक झाल्या. तिने आकडा वाचला. हात लांब केला तर गाडीला लागेल इतकंच अंतर होतं. ती मागे सरली, पाठ खांबाला टेकेपर्यंत सरली. पुढची फेरी आली तेव्हा तिने प्रतिमा पुन्हा जुळवल्या. मग बटण दाबलं.

रीळ धुऊन फोटो हाती आला तेव्हा विहीर तिरकी आली होती आणि अर्धं छत कापलं गेलं होतं. पण नगीनाचा चेहरा स्वच्छ होता. जत्रेतले सगळे लोक जिला बेडर म्हणत होते, तिचे दात खालच्या ओठात रुतलेले होते. शिष्या तो फोटो दिव्याखाली धरून बराच वेळ बसून राहिली. त्या दुपारी फळ्यांवर ती एकटीच भ्यालेली नव्हती.

ज्यांना अवघं घर एका नजरेत दिसतं, त्यांनी अधूनमधून हात लांब करून बघावा. तिथेच कुणीतरी ओठ दाबून धावत असतं.